सरळ टाक्याचा चहा

केराबाईच्या वाकळेला टाळ्या पडल्या तेव्हा तिनं मागं वळून बघितलं. तिला वाटलं, आपल्या मागं कुणीतरी उभं आहे.

मागं नुसती भिंत होती.

"आजी, तुमच्यासाठीच वाजवतोय," निवेदिता म्हणाली. "ही ओळ बघा ना. सरळ येते, येते आणि मधेच सुटते. केवढं धाडस लागतं याला!"

कसलं धाडस, हे केराबाईच्या ओठापर्यंत आलं होतं. ओळ तिनं नेहमीसारखीच घातली होती. आईनं शिकवली तशी. कडेनं धावदोरा सुरू करायचा, फिरत फिरत मधे यायचं, आणि दोन ओळींत अंतर ज्वारीच्या दाण्याएवढं. त्यात सुटलं काय? पण एवढी माणसं कौतुक करत असताना उलटं विचारणं बरं दिसत नाही. तिनं पदर सावरला आणि गप्प हसली.

हे मंडळ मंगळवारी दुपारी भरायचं, नव्या पेठेतल्या एका कापडदुकानाच्या माडीवर, प्रभाबाईंच्या घरी. नाव बेशिस्त मंडळ. प्रभाबाईंनी जन्मभर शाळेत पोरांना शिस्त लावली आणि निवृत्त झाल्यावर हे मंडळ काढलं. निवेदिता घरांचे नकाशे काढायची. "दिवसभर काटकोनात असते, इथं तरी सुटका," म्हणायची. तिप्पण्णानं टॉवेलच्या कारखान्यात मागावर हयात घालवलेली. आणखी चार-सहा बायका होत्या. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांतून उरलेली फडकी पोत्यानं यायची, खाकी, करडी, शाळेच्या चौकड्यांची, आणि ही माणसं ती जोडून वाकळा शिवायची. जोडायची म्हणजे कशी? तर मनाला येईल तशी. एकाचा चौकोन दुसऱ्यासारखा नाही. जगात सगळे गाठी खाली लपवतात, हे वर काढणार. फूटपट्टी घेऊन आलेल्यानं ती दारात चपलांपाशी ठेवायची. आणि ज्याची शिवण सरळ येईल त्यानं साऱ्यांना चहा करून पाजायचा.

चहा सगळ्यांनी कधी ना कधी पाजला होता. तिप्पण्णानं सर्वांत जास्त, कारण मागावरच्या माणसाचा हात वाकडा जायलाच तयार नव्हता. "माझा नाइलाज आहे की," म्हणत तो स्वयंपाकघरात शिरायचा. केराबाईवर मात्र ती पाळी कधी आली नव्हती. तिला कप आयता हातात मिळायचा.

सांगोल्याकडच्या माळावर मेंढरांमागं तिचा जन्म गेला. नवरा तात्याबा गेला, मेंढरं विकली आणि लेक शहाजी चिंचोळी एमआयडीसीत कामाला होता म्हणून ती सोलापुरात आली. लेकाच्या घरी कशाला कमी नव्हतं. पण ती कुठं बसायला गेली की कुणीतरी उठून तिला जागा करून द्यायचं. पाहुणीला देतात तशी. सुनेनं, सोनमनं, एकदा तिच्या वाकळेचा फोटो मोबाइलवर कुणाकुणाला दाखवला आणि त्यातून हे मंडळ मिळालं. इथं खिडकीजवळच्या सतरंजीचा तुकडा तिचा होता. ती यायच्या आधी तिथं कुणी बसत नसे. मंगळवार उजाडला की ती सकाळपासून लुगडं बदलून तयार.

टाळ्या पडल्या त्या दिवशी घरी आल्यावर तिनं ती वाकळ सोनमपुढं पसरली.

"काय सुटलंय बघ गं हितं."

सोनमनं बघितलं आणि हसू दाबलं. "आत्या, ओळ पार वाकडी गेलीय की. ही त्या ओळीवर चढलीय."

"कुटं?"

सोनमनं सासूचं बोट धरून शिवणीवरून फिरवलं. बोट चालत चालत खरंच वळलं, खाली उतरलं, परत वर आलं. चुकार शेरडू कळप सोडून बांधावर चढावं तसं. केराबाईनं वाकळ डोळ्यांजवळ नेली, लांब धरली. तिला ओळ सरळच दिसत होती. म्हणजे ओळ दिसत नव्हतीच, दिसत होती ती मनातली.

"डोळ्याला दाखवू या," सोनम म्हणाली.

दाखवलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा जास्त पिकलेला. आधी उजवा करू, मग डावा, असं डॉक्टर म्हणाले. शहाजी म्हणाला, पुढच्या आठवड्यातच उरकू. केराबाई म्हणाली, "बघू."

मग तिचं बघूच चाललं. आधी पावणे येणार होते, मग अमावस्या आली, मग तिची कंबर धरली. शहाजीला वाटलं, म्हातारी सुरीला भ्याली. भीती वेगळीच होती, पण ती सांगणार कुणाला आणि काय म्हणून? माणसं डोळे जातील म्हणून भितात. ही डोळे येतील म्हणून भ्यायली होती. डोळा आला तर ओळ सरळ येणार. ओळ सरळ आली तर मंडळाला आपल्यात काय उरलं? सरळ शिवणाऱ्या बाया सोलापुरात गल्लोगल्ली आहेत.

त्यातच मंडळानं एक मोठी वाकळ करायला घेतली. सगळ्यांनी एकेक तुकडा करायचा, ते जोडायचे आणि वाकळ शहरातल्या एका हॉलमध्ये लोकांना बघायला ठेवायची. मधला, सर्वांत मोठा तुकडा केराबाईचा.

"कुणाच्या अंगावर जायची ही?" तिनं विचारलं.

"अंगावर नाही हो केराबाई, भिंतीवर टांगायची," प्रभाबाई म्हणाल्या.

"भितीवर? का? भितीला थंडी वाजती व्हय?"

सगळे पोट धरून हसले. तिप्पण्णा म्हणाला, "अक्का, हे वाक्य आपण हॉलच्या दारावर लिहू." केराबाई खरंच विचारत होती. उत्तर काही मिळालं नाही. पण हशा आपला होता, म्हणून तीही हसली.

मधला तुकडा तिनं मन लावून शिवला. मातकट रंगाची फडकी घेतली, एकाआड एक काळी लावली, कडेनं ओळी घालत आत आली. मधे हातभर जागा उरली होती तेव्हा ते झालं. एका सकाळी तिनं गाळणीतून चहा ओतला आणि तो कपाच्या शेजारी, थेट शहाजीच्या मांडीवर. शहाजी ओरडत उठला. त्या दिवशी 'बघू' चाललं नाही. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊनच ती घरी आली.

पट्टी काढली तेव्हा पहिल्यांदा दिसली सोनम. केराबाई बघतच राहिली. सुनेच्या भांगाशेजारी पांढरे केस होते.

"कधी पिकलीस गं?"

"लई दिस झालं की आत्या."

घरातली भांडी पांढरीफेक दिसत होती. तिचं रोजचं लुगडं तिला पिवळसर वाटायचं, ते हिरवंगार होतं. आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण मंगळवार जवळ येत होता.

मंडळात ती गेली तेव्हा मोठी वाकळ जमिनीवर अंथरलेली होती. तिचा तुकडा मधे. तिला तो ओळखूच येईना. मातकट म्हणून घेतलेली फडकी गुलाबी होती. काळी म्हणून लावलेली निळी होती, मोरपिसासारखी निळी. आणि ओळी! ओळी एकमेकींच्या अंगावर पडल्या होत्या, कुठं दोन बोटं अंतर, कुठं तिढा. एक ओळ तर वळून परत आल्या वाटेनं गेली होती. आईनं बघितलं असतं तर हाताला दाभण टोचला असता. तिची कानशिलं तापली. या घाणीला माणसांनी टाळ्या वाजवल्या? का आपली खोडी काढत होते? नाही, माणसं तशी नाहीत. मग यांना दिसतं तरी काय?

तिनं हळूच उजवा डोळा हातानं झाकला. डाव्या, जुन्या डोळ्यानं बघितलं. मातकट, काळं, ओळी धूसर आणि सरळ. तिची वाकळ. मग डावा झाकला. कुणा परक्या बाईची वाकळ.

"आजी, तेवढं मधलं पूर्ण करा, मग झालंच," निवेदिता म्हणाली आणि सुई दिली.

दोरा पहिल्याच खेपेला सुईच्या नेढ्यातून गेला. केराबाईला त्याचंच वाईट वाटलं. तिनं ओळ घातली. टाका टाक्याला लागून, ताठ. तिनं पुढची ओळ मुद्दाम वाकडी घ्यायला बघितली. हात वळवला, पण ती दारुड्याचं सोंग करणाऱ्या शहाण्या माणसासारखी दिसायला लागली. तिनं ती उसवली. पुन्हा घातली. सरळच आली.

सगळे बघत होते.

"केराबाई," प्रभाबाई जपून म्हणाल्या, "आज टाका... निराळा पडतोय."

मग तिनं सुई टोचून ठेवली आणि सांगून टाकलं. "मास्तरीणबाई, ते धाडस न्हवतं. मोतीबिंदू व्हता. आता येक डोळा करून आले. मला ओळ सरळच दिसत व्हती. मी तुमाला फशिवलं न्हाय, मलाच ठावं न्हवतं. ठावं झालं तवा बोलले न्हाय, येवढंच. कात्री द्या. मी समदं उसवती आन परत घालती न्हायतर माजा तुकडा काढून टाका."

कात्री कुणी दिली नाही. निवेदिता गुडघ्यावर बसून त्या ओळींकडं बघत राहिली. तिचा चेहरा केराबाईइतकाच गोंधळलेला होता. "पण मला ती खरंच आवडली होती," ती म्हणाली. "आता ती मी आवडून घ्यायची की नाही?"

"वाकडी मुद्दाम नसेल तर ती बेशिस्त धरायची का चूक?" एक बाई म्हणाली.

"आणि आता सरळ आलीय ती मुद्दाम नाही, आपोआप आलीय," दुसरी म्हणाली. "मग ती शिस्त कशी?"

प्रभाबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. शाळेत इतकी वर्षं उत्तरं दिलेली बाई. "मला नाही कळत बाई," त्या म्हणाल्या. "नियम मोडायचे एवढंच ठरवलं होतं आपण. पुढचं कुणी ठरवलंच नाही."

बोलणं असं फिरत राहिलं. केराबाई मधे बसून एकेकाच्या तोंडाकडं बघत होती. हे आपल्याला ठेवतायत की काढतायत, हे तिला समजत नव्हतं. सतरंजीच्या कडेचा एक धागा तिनं बोटाला गुंडाळला होता.

तेवढ्यात तिप्पण्णा उठला. वाकळेजवळ आला. खाली वाकून त्यानं नव्या ओळीवरून नख फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग कमरेवर हात ठेवून सरळ झाला.

"बाकीचं तुम्ही ठरवा. ही ओळ सरळ आहे की नाही?"

"आहे," प्रभाबाई म्हणाल्या.

"दोरीसारखी?"

"दोरीसारखी."

"मग अक्का बसलीय कशाला? पातेलं खालच्या फळीवर आहे. मला साखर कमी. मी कितीदा उठलोय, मोजलंय का कुणी?"

केराबाईला आधी कळलंच नाही. मग निवेदिता हसायला लागली, आणि तिच्या शेजारची बाई, आणि प्रभाबाई. "उठा, उठा केराबाई. नियम म्हणजे नियम."

"तुमच्यात नियम न्हाय म्हणता की," ती म्हणाली.

"हा एकच आहे!" तिप्पण्णा म्हणाला.

प्रभाबाईंच्या स्वयंपाकघरात ती पहिल्यांदाच आली होती. पातेलं खालच्या फळीवर होतं. आलं कुठं ते कुणी सांगितलं नाही, तिनं शोधलं. कप एका आकाराचे नव्हते, एकाचा कान तुटका. तिनं चहा गाळला आणि एक थेंबही बाहेर पडला नाही. बाहेर अजून वाद चालू होता. वाकड्या ओळी ठेवायच्या यावर सगळ्यांचं जमलं होतं, का ठेवायच्या यावर जमत नव्हतं. सरळ ओळींचंही तसंच.

ती ताट घेऊन आली. सगळ्यांना कप दिले आणि उरलेला कानतुटका आपण घेऊन सतरंजीवर बसली.

"दुसरा डोळा कधी?" प्रभाबाईंनी विचारलं.

"बघू," ती सवयीनं म्हणाली. मग थांबून म्हणाली, "पुढच्या म्हैन्यात करून टाकती."

"मेलो," तिप्पण्णा म्हणाला. "मग दर मंगळवारी अक्काचाच चहा. ही दूध जास्त घालते."

"तुमी आणा की दूध. मी चहा करती, दूध तुमचं."

कप रिकामा झाल्यावर तिनं सुई उचलली. मधली जागा अजून बरीच मोकळी होती. सुई टोचायच्या आधी तिनं एकदा हा डोळा झाकून बघितलं, एकदा तो. यातली चांगली वाकळ कुठली, ते तिला काही केल्या ठरवता येईना. आणि ही भिंतीवर का टांगायची, तेही.