नदी ओलांडण्याचा नियम

ऑर्विल प्रुइटने खिशातून टाइप केलेला कागद काढला, चष्मा लावला आणि पहिल्याच ओळीवर तो अडखळला.

"वाचा की," मार्सेला कोव्हॅच म्हणाली. शाळेच्या कँटीनमधलं काम आटोपून ती थेट घरी आली होती; केसांवरची जाळीही काढायची राहिली होती. "एवढ्या लांबून वाचायलाच आलात ना?"

"हे आमच्या संस्थेच्या वकिलांनी लिहिलंय. यात 'माफी' हा शब्द नाही. मीही तो उच्चारायचा नाही, अशी ताकीद आहे."

"मग नका उच्चारू."

त्याने कागदाची घडी घातली. वय ब्याऐंशी. गिरणीकामगाराचा मुलगा. गिरणीची वस्ती नदीच्या एका काठाला, कॉलेज पलीकडच्या टेकडीवर. पहिल्या वर्षी तिथल्या विद्यार्थ्यांच्या तिन्ही बंधुसंघांनी, म्हणजे फ्रॅटर्निटींनी, त्याला दारातूनच परत पाठवलं होतं. एकाने तर नुसतं त्याच्या बुटांकडे बघून. मग असेच नाकारलेले चौघे गोळा करून त्याने स्वतःचा बंधुसंघ काढला. शपथ त्याने लिहिली, नियम त्याने केले. मार्चच्या कडाक्याच्या थंडीत, अंगावरच्या कपड्यांनिशी नदी ओलांडून येईल तो आपला, हा नियमही त्याचाच. पुढे सव्वीस कॉलेजांत शाखा निघाल्या. लग्न टिकलं नाही, विम्याची एजन्सी रडतखडत चालली; पण दर वर्षीच्या मेजवानीत तो बोलायला उभा राहिला, की तीनशे पोरं उठून टाळ्या वाजवत.

तीन आठवड्यांपूर्वी तीच नदी ओलांडताना मार्सेलाचा मुलगा टोबी बुडाला.

"टोबीला तुमचं फार कौतुक," ती म्हणाली. "मेजवानीहून आला आणि फोनवर तुमचंच पुराण. म्हातारा काय जबरदस्त आहे गं आई, म्हणे. पहिला तोच उतरला नदीत. एकटा. हातांनी बर्फ फोडत गेला."

ऑर्विलने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मी म्हटलं, बोलायला काय लागतंय त्याला! तर केवढा चिडला माझ्यावर. ज्यानं स्वतः केलंय तोच दुसऱ्याला सांगतो, म्हणाला."

"मिसेस कोव्हॅच," ऑर्विल म्हणाला, "मी उतरलो नव्हतो."

मार्सेलाने केसांवरची जाळी ओढून काढली.

"आम्हा पाचांपैकी कुणीच नाही. आम्हीच संस्थापक, आमची परीक्षा घेणार कोण? नियम पुढच्यांसाठी होता. तिसऱ्या-चौथ्या वर्षी एकाने विचारलं, तुम्हीही गेला होतात का? मी हो म्हणालो. मग दर वर्षी गोष्ट थोडी थोडी वाढत गेली."

"बर्फ कधी आला त्यात?"

त्याने खरोखरच आठवून पाहिलं. "बराच नंतर. माझा घटस्फोट झाला त्या सुमाराला."

मार्सेलाच्या घशातून हसण्यासारखा काहीतरी आवाज निघाला. टेबलावर सांडलेली साखर ती बोटाने एका जागी गोळा करत राहिली.

"तुम्हाला पोहता येतं?"

"नाही."

"टोबीलाही येत नव्हतं."

ती उठली. खुंटीवरचा त्याचा कोट काढून तिने त्याच्या हातात दिला आणि दार उघडून धरलं.

"पायऱ्या निसरड्या आहेत," ती म्हणाली. "कठड्याला धरून उतरा."