मताचा भंडारा

हुलगेवाडीत बिरोबाचा भंडारा हातात घेऊन खोटं बोलायची कुणाची छाती नव्हती. बांधाचं भांडण असो, चोरी असो की सोयरीक, चिमूटभर हळद तळहातावर आली की माणूस आपल्या शब्दाला बांधला गेला. आटपाडीच्या कोर्टात वकील घालून जे होत नव्हतं, ते देवळाच्या पायरीवर फुकटात होत होतं. आता एवढी नामी वस्तू पुढाऱ्यांच्या नजरेतून सुटते होय? पत्रकं छापण्यापेक्षा भंडारा उचलायला लावणं सोपं, हे त्यांना कळायला फार वेळ लागला नाही.

भंडारा हातावर ठेवायचा मान पुजारी तात्याबाचा. ब्याण्णव सालच्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला आसपासच्या रानांचे मालक आणि पुढारी लालासाहेबांनी सगळी वाडी देवळात बसवली. तात्याबानं एकेकाच्या हातावर भंडारा ठेवला आणि एकेकानं लालासाहेबांच्या चिन्हावर शिक्का मारायची शपथ घेतली. तरी त्यांचा माणूस चार मतांनी पडला. त्यानंतर आठवड्याच्या आत चंद्राबाईची अकरा मेंढरं एका सकाळी पाय झाडून मेली. झालं. शपथ हिनंच मोडली, देवानं दाखवून दिलं, असं वाडीनं ठरवून टाकलं. चंद्राबाई पडली विधवा, तिच्या बाजूनं बोलणार कोण? तिला कुणी विचारलंसुद्धा नाही. तिच्या लेकीची ठरलेली सोयरीक मोडली. जत्रेत तिचा निवद देवापुढं ठेवायला लोक का-कू करू लागले.

तात्याबाच्या पोटात मात्र पाच वर्षं एक गोष्ट सलत होती. म्हणून सत्त्याण्णव साली दसरा झाला, पुन्हा ग्रामपंचायत लागली आणि दुसऱ्या पार्टीचा केरबा सायकल टेकवून देवळात आला, तेव्हा तात्याबानं त्याला सरळच सांगितलं.

"मतासाठी भंडारा द्याचा न्हाई."

"आरं, गेल्या टायमाला त्यास्नी दिलास. आता आमास्नी का न्हाई?"

"त्यास्नी बी न्हाई. कुनालाच न्हाई."

केरबा तोंड वाकडं करून गेला. दुसऱ्या दिवशी लालासाहेबांची जीप आली. लालासाहेब माणूस गोडबोल्या. शिवी द्यायची तरी साखर लावून देतील.

"तात्याबा, मेंढरं घेऊन वाडे चरणीला हलायच्या आत एवढं काम उरकून घेऊ. आमची रानं तुमच्या मेंढरांना मोकळीच असतात की नाही?"

"असत्यात. त्याबद्दल आमी तुमच्या रानात मेंढरं बसवतो, खत मिळतं तुमास्नी. फिटंफाट हाय ती, सायेब. मताचं त्यात काय न्हाई."

"पुजारी बदलता येतो, बरं का."

"बदला की," तात्याबा म्हणाला आणि घंटा पुसायला लागला. चार पिढ्यांचा मान. बाप मरताना देवळाची किल्ली त्याच्या हातात देऊन मेला होता.

आणि मान गेलाच. मतदानाच्या दोन दिवस आधी लालासाहेबांनी तात्याबाच्या सख्ख्या पुतण्याला, अमृतला, नवं धोतर नेसवून पायरीवर बसवलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. चौदा घरांनी भंडारा उचलला. शेवटचा माणूस उठला तसा तात्याबा पुढं झाला, त्यानं ताटलीतला भंडारा मुठीनं उचलला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बिरोबाच्या साक्षीनं सांगतो. मतासाठी उचलल्याली शपथ ही शपथच न्हवं. ती मोडल्याचं पाप लागायचं आसंल तर माज्या मेंढरास्नी लागू दे. तुमी कुनाला बी मत द्या. मी इचारनार न्हाई आन कुनी इचारलं तर सांगू नगा."

पुजाऱ्यानं स्वतःचा कळप मध्ये घातला म्हणजे गोष्ट साधी नव्हती. "बगू," असं म्हणत जो तो घरी गेला. लालासाहेबांनी मात्र जाता जाता हसून मान हलवली.

रविवारी मतदान. शाळेत पेट्या आल्या, पोलीस आला, चुन्याची रेघ मारली गेली. तात्याबाची बायको रंगुबाई सकाळीच कळप घेऊन बाहेर पडली होती. मेंढरं लवकर चारून आणायची, आंघोळ करायची आणि नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत उभं राहायचं, असा तिचा बेत. या घाईनंच घात केला. उभा जन्म मेंढरांमागं काढलेली बाई, पण त्या दिवशी माळावरून फिरून यायचं सोडून तिनं कळप कापणी झालेल्या ज्वारीच्या रानातून आडवा घातला. कापलेल्या ताटांच्या बुडख्यांना हिरवागार फुटवा आला होता. त्याला धनगर किराळ म्हणतात, आणि किराळ म्हणजे मेंढराचं मरण. ओरडून हाकेपर्यंत पुढच्या सात मेंढ्यांनी तोंड घातलं होतं. वाडीच्या तोंडाशी येईतोवर सातही आडव्या झाल्या.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली ती अशी. लालासाहेबांच्या माणसांना आणखी काय पाहिजे होतं? अर्ध्या तासात वाडीभर झालं की देवानं कौल दिला, तात्याबाची मेंढरं गेली, आता भंडारा मोडणाऱ्या घराचं काही खरं नाही. रांगेतले लोक रांग सोडून कडुलिंबाखाली येऊन बसले. काहींची तर पाचावर धारण बसली. मत द्यायचं ते शपथेप्रमाणं, नाहीतर द्यायचंच नाही, अशी कुजबुज सुरू झाली.

इकडं रंगुबाई मेंढ्यांजवळ बसून कपाळ बडवत होती. "आवं, माजंच चुकलं. मीच घातली किराळात."

तात्याबा तिच्याजवळ येऊन उभा राहिला. सात मेंढ्या म्हणजे गंमत नव्हे. त्यातली गव्हाळ्या तोंडाची तर त्यानं हातानं दूध पाजून वाढवलेली. क्षणभर त्याला वाटलं, देवाच्या नादाला लागून आपण उगीच शहाणपण केलं. मग तो खाली वाकला, तीच मेंढी खांद्यावर टाकली आणि शाळेकडं निघाला.

रेघेच्या बाहेर, कडुलिंबाखाली त्यानं मेंढी उतरवली. पोलीस ओरडला, "ए बाबा, हे काय आणलंस? लांब घे."

"रेघंच्या भाईर हाय, सायेब. मत मागत न्हाई मी कुनाला."

त्यानं कमरेची सुरी काढली. बिरोबाच्या पुजाऱ्यानं सगळ्या वाडीसमोर मेंढीचं पोट फाडलं, आत हात घातला आणि ओंजळभर हिरवा चोथा बाहेर काढून लोकांच्या पुढ्यात टाकला.

"बगा. सगळी मेंढरं राखून म्हातारी झालासा. ह्ये काय हाय ते सांगा मला. द्येव हाय का किराळ हाय?"

एक म्हातारा उठला, चोथा बोटांनी चिवडला, नाकाशी नेला. "किराळच हाय की रं," तो म्हणाला. मग दुसऱ्यानं पाहिलं, तिसऱ्यानं पाहिलं. अमृतही पुढं झाला, बघितलं आणि खाली मान घालून मागं सरला. धनगराला देवाचं एकवेळ कळणार नाही, पण मेंढी कशानं मेली हे कळत नाही असा धनगर अजून जन्माला यायचाय.

गर्दीच्या कडेला चंद्राबाई उभी होती. तात्याबानं तिच्याकडं पाहिलं, आणि पाच वर्षं दडवलेलं एकदाचं बाहेर पडलं.

"चंद्राबाई, तुजी अकरा बी आशीच मेली हुती. तवा तुज्या मेंढीच्या तोंडातनं म्या किराळ काडलं आन मुठीत दाबून न्हेलं. लोकास्नी देवाचं भ्या वाटतंय, पुजाऱ्याला मान मिळतोय, म्हनून गप बसलो. समद्यांच्या म्होरं सांगतो, चूक माजी हाय."

चंद्राबाई हळूहळू पुढं आली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. पाच वर्षांत ते संपलं होतं.

"शपत मोडली आसं ठरवून समद्या वाडीनं मला टाकली," ती म्हणाली. "तात्याबा, म्या शपत मोडलीच न्हवती. द्येवाला भिऊन त्यांच्याच चिन्हावर शिक्का मारला हुता. माज्या मनात दुसराच हुता."

तात्याबानं रक्ताळलेले हात तिच्या पायाकडं नेले, तशी ती दोन पावलं मागं सरली.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "तुमचं मागनं बगू. आज मला माज्या मनातला शिक्का माराचाय."

तिनं पदर खोचला, चुन्याची रेघ ओलांडली आणि मोकळ्या पडलेल्या रांगेत एकटी जाऊन उभी राहिली. थोड्या वेळानं रंगुबाई जुन्याच लुगड्यात, आंघोळ न करताच, तिच्या मागं येऊन थांबली. मग एकेक करून कडुलिंबाखालचे लोक उठू लागले.