उन्हाची काच

मित्रांनो, मी एक जुना गॉगल आहे. जुना म्हणजे माझा नुसता सांगाडा जुना. दोन काड्या, नाकावर टेकणारे दोन मऊ तुकडे आणि काळपट धातूची चौकट, एवढंच माझं स्वतःचं. काचा माझ्या नाहीत, त्या मागाहून आल्या. सध्या मी दुबलगुंडीतल्या एका घरात पत्र्याच्या पेटीत, जुन्या स्वेटरखाली पडून आहे. एक दिवस सोडला तर मला कुणी बाहेर काढलेलं नाही, आणि खरं सांगू का, काढूही नये. गॉगलची गोष्ट म्हणजे सहली आणि फोटो असतील असं वाटत असेल, तर ते आधी मनातून काढून टाका.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे यंत्राने तार वाकवली, घासली, रंगवली आणि डाव्या काडीच्या आतल्या बाजूला बारीक आकडे कोरले. ते माझं माप. मग हैदराबादच्या एका झगमगत्या दुकानात सुधींद्र नावाच्या इंजिनिअरने मला विकत घेतलं. हुमनाबादचे निवृत्त हेडमास्तर मुकुंदराव यांचा हा मुलगा, नोकरीला बंगळूरला. तीन वर्षं मी त्याच्या गाडीतून मजेत फिरलो. लोक म्हणायचे, गॉगल भारी आहे हो. मीही फुगायचो. फुगण्यासारखं मी स्वतः काय केलं होतं, हे त्या वेळी मला कुणी विचारलं नाही.

एकदा हुमनाबादला घरी आलेला असताना सुधींद्र गाडीत माझ्यावरच बसला. चौकट वाचली, पण उजवी काच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडकली. हुमनाबादच्या चष्मेवाल्याने मला उलटसुलट पाहिलं आणि सांगितलं, ही काच कंपनीकडूनच मागवावी लागेल, वेळ लागेल. एवढी वाट कोण बघतो? सुधींद्रने नवा गॉगल घेतला आणि मला मुकुंदरावांच्या टेबलाच्या खणात टाकलं. तिथे मी वर्षभर अंधार खाल्ला.

त्या घराला लोखंडी फाटक बसवायला रत्नपाल आला. दुबलगुंडीच्या रस्त्यावर पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं वेल्डिंगचं दुकान होतं. तीस वर्षांचा, कमी बोलणारा, हाताचा पक्का माणूस. वडील लवकर गेले. आई सरुबाई तुरीच्या शेतात मजुरीला जायची, ती गुडघ्यांमुळे आता घरी. धाकटी बहीण पंचशीला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. तिघांचं घर रत्नपालच्या दोन डोळ्यांवर आणि दोन हातांवर चाललं होतं. फाटक बघून मुकुंदराव खूश झाले. सुट्टीला आलेल्या सुधींद्रने खणातून मला काढलं आणि म्हणाला, "रत्नपाल, फ्रेम एकदम चांगली आहे. काचा तेवढ्या घालून घे."

द्यायचं तर धड द्यावं, तडकलेलं काय द्यायचं, असं मला वाटलं. पण रत्नपालने मला शर्टाच्या खिशात असं जपून ठेवलं की मी गप्प बसलो.

घरी पंचशीलाने मोबाइलचा उजेड पाडून माझ्या काडीवरचे आकडे वाचले, पट्टीने चौकट मोजली आणि बराच वेळ फोनवर शोधत बसली.

"अण्णा, निसती काच बी मिळती की," ती म्हणाली. "कंपनीची न्हाई, पर ह्याच मापाची. निळी हाय, पाऱ्यावानी चमकती हाय, काळी हाय."

"काळीच घे. दाट बघून घे."

"हितं लिहिलंय, यूव्ही चारशे."

रत्नपाल भाकरी मोडता मोडता थांबला. मित्रांनो, वेल्डिंगच्या काचेला नंबर असतो. दहा, अकरा, बारा. नंबर जितका मोठा, तितकी काच गडद आणि डोळा तितका सुरक्षित. ही गोष्ट तो कामावर शिकला होता आणि ती खरीच आहे.

"चारशे?" तो म्हणाला. "आमची काच अकराची असती. मंग ही वेल्डिंगला बी चालंल की."

"चालंल की. एवढं मोठं लिहिलंय म्हणल्यावर."

झालं. त्या घरात सगळ्यात जास्त शिकलेली तीच होती, तिने म्हटलं आणि त्याने मानलं. दोघांनी एकमेकांचं भलंच बघितलं होतं. मला ठाऊक होतं का, म्हणाल तर नाही. मी तरी कुठे शिकलेला होतो?

आठ दिवसांनी छोट्या पाकिटातून दोन काचा आल्या. सोबत नखाएवढा स्क्रूड्रायव्हर होता. पंचशीलाने माझे स्क्रू सैल केले, जुन्या काचा काढल्या आणि नव्या बसवल्या. कडेला केसाएवढीही फट राहिली नाही. रत्नपालने मला घालून आरशात पाहिलं. सरुबाई म्हणाली, "नवरदेवावानी दिसायलास बघ." तो लाजला. इतक्या वर्षांत माझ्यामुळे कुणी लाजलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि मला फार आनंद झाला. तो आनंद आठवला की आज मला लाज वाटते.

त्याच महिन्यात वस्तीतली वडीलधारी माणसं दुकानात आली. विहाराला नवं फाटक हवं होतं, मधोमध चोवीस आऱ्यांचं धम्मचक्र असलेलं. चौदा एप्रिलला, जयंतीच्या सकाळी ते उघडायचं होतं. रत्नपाल म्हणाला, "मजुरी घेणार न्हाई. हे माझं दान समजा."

आता जरा काम समजून घ्या. वेल्डिंग करताना एका हातात वेल्डिंगची कांडी पकडणारा होल्डर असतो आणि दुसऱ्या हातात काचेची ढाल, ती तोंडासमोर धरायची. पण चक्राची बारीक आरी एका हाताने दाबून धरावी लागते, नाहीतर ती सरकते. मग ढाल धरायला तिसरा हात आणायचा कुठून? असा टाका, म्हणजे वेल्डिंगचा छोटा जोड, मारायची वेळ आली की रत्नपाल पूर्वी मान वळवून डोळे मिटायचा, अंदाजाने टाका मारायचा आणि मग बघायचा. तेही वाईटच. पण निदान डोळे मिटलेले असायचे.

आता त्याने ढाल भिंतीला टेकवून ठेवली आणि मला डोळ्यांवर चढवलं. दोन्ही हात मोकळे झाले. वेल्डिंगच्या खऱ्या काचेतून ठिणगी पडेपर्यंत काळोखच असतो. माझ्यातून त्याला सगळं दिसायचं. लोखंड कुठे वितळतंय, आरी कुठे चिकटतेय, सगळं. हेच त्याला आवडलं. माझ्यावर भरवसा टाकून त्याने डोळे उघडे ठेवले आणि वीतभर अंतरावरून त्या उजेडात थेट पाहिलं. एका आरीला दोन टोकं, म्हणजे चोवीस आऱ्यांना अठ्ठेचाळीस टाके. शिवाय चुकलेले काढून पुन्हा मारलेले वेगळेच. तो उजेड माझ्यातून आत जात होता आणि मी त्याला अडवू शकत नव्हतो. ऊन अडवायला केलेली काच ती, तिचा जीव केवढा?

संध्याकाळ झाली की त्याचे डोळे लाल व्हायचे, वाळू गेल्यासारखे खुपायचे. वेल्डिंगवाल्यांना ही गोष्ट नवी नसते. सरुबाई बटाट्याच्या चकत्या ठेवायची. सकाळी जरा बरं वाटायचं आणि तो पुन्हा शेडमध्ये.

"अण्णा, दोन दिस थांब की," पंचशीला म्हणायची. "डोळ्याला लागायलंय तुझ्या."

"चौदा तारीख थांबती का?" तो म्हणायचा. "आन् गॉगल हाय की आता."

मला तोंड असतं तर मी बोंब मारली असती. नुसताच नाकावर बसून राहिलो. वाकून, मोडून, खाली पडून त्याला अडवलं असतं तरी चाललं असतं. पण माझी चौकट पडली चांगली. चांगल्या चौकटीचा असा राग मला कधी येईल असं वाटलं नव्हतं.

चौदा एप्रिलला फाटक लागलं. निळे झेंडे, पांढऱ्या साड्या, मुलांची गर्दी. चक्र सुंदर झालं होतं, एकाही आरीचा कोन चुकला नव्हता. सगळे रत्नपालला पुढे ओढत होते. तो फाटकासमोर उभा राहिला, चक्राकडे पाहिलं, डोळे चोळले, पुन्हा पाहिलं. मग मान थोडी डावीकडे वळवली, थोडी उजवीकडे. पंचशीला जवळच होती. तिला तो हळूच म्हणाला, "पंचू, चक्राच्या मधी कामून काय दिसत न्हाई? करडा डाग हाय निसता." फाटकावर डाग नव्हता. त्यानंतर तो जिथे पाहील तिथे तो डाग जाऊ लागला.

बीदरच्या दवाखान्यात हेमावती नावाच्या डॉक्टर होत्या. त्यांनी दोन्ही डोळे तपासले, नंतर मला हातात घेऊन खिडकीच्या उजेडात धरलं. "ही उन्हाची काच आहे," त्या म्हणाल्या. "वेल्डिंगची नव्हे."

"मॅडम, चारशे लिहिलंय की त्याच्यावर," पंचशीला म्हणाली.

"ते काच किती गडद आहे त्याचं माप नाही, बाळ. उन्हातले कुठले किरण ती अडवते, ते सांगणारा आकडा आहे तो. तुमच्या अकराशी त्याचा काही संबंध नाही."

पंचशीलाने मला त्यांच्या हातातून घेतलं आणि पिशवीच्या तळाशी ढकललं. मग सरुबाई पुढे सरकली. "अक्का, मोतीबिंदूला भिंग बदलत्यात की तुमी. आमच्या शेजारणीला घातलंय. तसं ह्याला बी नवीन घाला. आमी कसं बी करून आणतो."

डॉक्टरांनी तिचा हात धरला. त्याचं भिंग चांगलंच आहे, त्यामागचा पडदा जळालाय, आणि पडदा कुठे विकत मिळत नाही, असं त्यांनी तिला दोनदा सांगितलं. कडेकडेचं दिसत राहील, मधलं परत येईल याची आशा धरू नका, म्हणाल्या. सरुबाई तरी विचारत राहिली, हैदराबादला मिळंल का.

शेडला कुलूप लागलं. होल्डर, ढाल, मशीन, सगळं दुसऱ्या कारागिराने नेलं. पंचशीलाने परीक्षा सोडली आणि हुमनाबादला कापडाच्या दुकानात उभी राहू लागली. रत्नपालने तिला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, ती एकदा तरी मोकळी रडली असती. गावात लोक म्हणू लागले, रत्नपालला गर्व चढलाय, समोरून बोललं की तोंड फिरवतो. त्याला माणूस दिसायचा तो तोंड फिरवल्यावरच, हे कुणाकुणाला सांगत बसणार?

मित्रांनो, मला जपा, पुसा, डबीत ठेवा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. गॉगलची किंमत ती काय? पण तुमच्या घरात किंवा ओळखीत कुणी वेल्डिंग करत असेल, तर त्याच्या तोंडासमोर खरी काच आहे का, ते बघा. नसेल तर हट्ट धरा, रुसा, काम थांबवा. आणि कुठलीही काच घेताना ती कशासाठी केलेली आहे, हे जाणत्या माणसाला विचारा. आकडा मोठा आहे म्हणून विश्वास टाकू नका. त्या घराच्या ओळखीत विचारण्याजोगं जाणतं कुणी नव्हतं असं नाही, कुणी विचारलंच नाही.

या वैशाखात पंचशीलाचं लग्न लागलं. मांडवात डोक्यावर ऊन होतं, ते रत्नपालच्या डोळ्यांना सोसवत नव्हतं. पंचशीलाने पेटीला हात लावला नसता, म्हणून सरुबाईनेच मला बाहेर काढलं. एका दिवसापुरता मी पुन्हा त्याच्या नाकावर बसलो. पांढरी साडी नेसून पंचशीला त्याच्या पाया पडायला आली. ती समोर उभी राहिली तसं त्याने तोंड बाजूच्या भिंतीकडे वळवलं. पाहुण्यांत कुजबुज झाली. तिला सगळं माहीत होतं, तरी तिचा धीर सुटला.

"अण्णा," ती म्हणाली, "आज तरी माझ्याकडं बघ की."

"तुलाच बघायलो, पंचू," तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला. "तू हलू नगंस."