शेवाळावर चाललेलं इंजिन

त्या वर्षी तपकिरी शेवाळानं बंदराचा पिच्छाच पुरवला. कुठल्या तरी लांबच्या समुद्रातून ते वाहत आलं आणि खाडीत ठाण मांडून बसलं. किनाऱ्यावर गुडघाभर साचायचं, सडलं की नासक्या अंड्यांचा वास थेट स्वयंपाकघरात घुसायचा. बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीच्या तर नाकी नऊ आले होते. रोज कुणाच्या ना कुणाच्या बोटीच्या पंख्यात त्याचा गुंता अडकलेला.

मिस्त्रीची बहीण सांडपाण्याच्या केंद्रात नमुने तपासायची. चाळिशी उलटली तरी घरात सगळ्यांची ती धाकटीच. एका रविवारी ती पाण्याच्या दोन जुन्या टाक्या घेऊन त्याच्या वर्कशॉपच्या मागे हजर झाली.

"दादा, या शेवाळाचा गॅस करायचाय मला. जागा देशील?"

"आहे तो वास कमी पडतोय का तुला?" मिस्त्री म्हणाला. पण जागा दिली. धाकटी एकदा खनपटीला बसली की सुटका नाही, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

तिनं शेवाळ धुतलं, वाळू काढली, बारीक करून टाकीत भरलं. त्यात केंद्रातला गाळ घातला, कारण गॅस करणारे जंतू त्या गाळात असतात. महिनाभर टाकी ढिम्म हलली नाही. दुसऱ्यांदाही तेच झालं. मिस्त्रीला वाटलं, आता ही नाद सोडेल. ती मात्र जेवताना वहीत डोकं घालून बसलेली.

"खारटपणानं मरतायत बिचारे," ती एकदम म्हणाली. "गोड्या पाण्यातले जंतू मिठात टाकले मी. दादा, मला बंदराच्या तळाचा चिखल हवा. तिथल्यांचा जन्मच खाऱ्या पाण्यातला."

मिस्त्रीनं कपाळाला हात लावला आणि बादली बुडवून काळा चिखल काढून दिला. अठराव्या दिवशी टाकीवरचा रबरी फुगा टम्म झाला. तिनं शेगडी पेटवली. निळी ज्योत स्थिर उभी राहिली. मिस्त्री बराच वेळ ती बघत राहिला. मग आत जाऊन त्यानं एक जुनं इंजिन बाहेर ओढलं.

इंजिन गॅसवर छान चाललं, पण बाराच दिवस. उघडून बघतो तर आतल्या फिरत्या दांड्याभोवतीचे पितळी बुश काळे पडून खरवडल्यासारखे झालेले.

"तुझ्या गॅसनं माझं इंजिन खाल्लं," तो चिडून म्हणाला.

धाकटीनं बुश हातात घेऊन वास घेतला. "तोच नासक्या अंड्यांचा वायू. त्याला धातू आवडतो. मग इंजिनाच्या आधीच त्याला पोटभर लोखंड खाऊ घालू. तुझ्या लेथखाली गंजका कीस पडतो ना, तो दे."

पंधरा वर्षं मिस्त्री तो कीस भंगारात टाकत होता. आता त्यानं इंजिनात नवे बुश बसवले, तो कीस रुंद पाइपात ठासून भरला आणि गॅस त्यातून सोडला. वास गेला. कीस काळा पडला की ती तो बाहेर उन्हात पसरायची. तो तापून पुन्हा तांबूस व्हायचा आणि परत पाइपात जायचा. महिन्यानं मिस्त्रीनं इंजिन खोललं तेव्हा बुश कोरे करकरीत होते. त्यानं एक बुश पुसून तिच्या तळहातावर ठेवला.

टाकीतला चोथा बघून मिस्त्रीच्या बायकोनं, धाकटीच्या वहिनीनं, तो आपल्या टोमॅटोंना मागितला. धाकटीनं आधी तपासायला पाठवला आणि मग ती चक्क नाही म्हणाली.

"वहिनी, यात आर्सेनिक निघालंय. खायच्या झाडांना नको. विटांच्या मातीत मिसळून बघते."

वहिनी जरा हिरमुसली, पण विटा हलक्या आणि पक्क्या निघाल्या तेव्हा मोरीचा कट्टा तिनंच त्या विटांचा बांधून घेतला.

पुढं बर्फाच्या कारखान्याची मालकीण चौकशी करत आली. तिच्या जनरेटरवर अख्ख्या बंदराचा बर्फ अवलंबून. मिस्त्री आणि धाकटीनं मिळून तिथं मोठ्या टाक्या बसवल्या. पहिल्या दिवशी जनरेटर सकाळी सातला सुरू झाला तो दुपारी चारपर्यंत एका दमात चालला. साच्यांतून बर्फाच्या लाद्या धडाधड घसरत होत्या.

"रोज एवढा चालेल?" मालकिणीनं विचारलं.

"शेवाळ ताजं मिळालं तर चालेल," धाकटी म्हणाली. "सडलेलं आणलं तर निम्मासुद्धा नाही. आणि शेवाळ यायचं थांबलं, तर तुमचं डिझेल तयार ठेवा. थांबलं तर चांगलंच आहे म्हणा."

मालकीण हसली आणि तिनं लगेच पहाटे शेवाळ ओढायला दोन बोटी ठरवल्या.

लाद्या न्यायला आलेला एक नाखवा जनरेटरपाशी कान देऊन उभा राहिला. "मिस्त्री, कमाल केलीस रे."

"मी नुसता पाइप जोडला," मिस्त्री म्हणाला. "काय विचारायचं ते तिला विचार. आणि जरा नीट विचार, सगळं सांगते ती."

धाकटी पलीकडे पाण्याच्या नळीनं शेवाळातली वाळू धूत होती. नाखवा लादी खाली ठेवून तिच्याकडे गेला.