कॉलरखालची काळी गाठ

मी सतरा नंबरचा कुर्ता बोलतोय. माझ्यासारखे जगात फक्त पन्नास, असं माझ्या आतल्या पट्टीवर छापलंय. त्याखाली मुंबईच्या डिझायनर बाईंचं नाव आहे. जिने मला शिवलं तिचं नाव कुठंच नाही, म्हणून मीच सांगतो. जयमाला.

मुरूडच्या अलीकडे रस्त्याला लागून तिचं घर. बाईंचं काम गावात वाटणाऱ्या क्रांतीताई कापलेलं कापड घरोघर देऊन जायच्या आणि बजावायच्या, "एकसारखे पाहिजेत हं सगळे. आनि अंगात घालून बघायचे न्हाईत. घामाचा वास राहतो."

तेरा दिवस मी जयमालाच्या मांडीवर होतो. निळ्या सुती कापडावर ती पांढऱ्या धाग्याच्या शिडाच्या होड्या भरायची. शेजारी झोळीत तिची एक वर्षाची लेक साक्षी, तापाने फणफणलेली. दोन टाके घातले की हिचा हात पोरीच्या कपाळावर, मग पुन्हा सुई. त्या हाताची ऊब मला अजून आठवते.

शेवटची होडी झाली तशी तिने मला दोन्ही हातांनी उंच धरलं. अंगात घालावं असं फार वाटलं तिला. घातलं नाही. सुईत काळा दोरा ओवला आणि कॉलरच्या आत एक बारीक गाठ मारली.

"ही काय गं?" सासूने, धोंडूबाईंनी विचारलं.

"तीट."

"आपल्यात न्हाय मानत तसलं."

"माहीत हाय, आत्या. पन काल पोरीला लावलीच ना? मंग ह्याला कशाला नको? इतका देखणा झालाय मेला."

"कपड्याला ताप येतो व्हय!" धोंडूबाई हसल्या.

मुंबईत आम्ही पन्नासही जण तासाभरात खपलो. मला अमिषाने घेतलं. एकदा घातलं, फोटो काढले, फोटो सगळीकडे फिरले. मग म्हणाली, "सगळ्यांनी बघितला, आता परत कसा घालू?" चार वर्षं मी कपाटात लटकलो. माणसं ज्याच्यासाठी इतकी धडपडतात, ते हाती आलं की त्याला अंधारात का ठेवतात, मला कळलं नाही.

परवा ती मैत्रिणींबरोबर मांडव्याच्या बोटीने मुरूडकडे फिरायला गेली. तिकडे कोण ओळखतंय म्हणून मला बॅगेत टाकलं होतं. मुरूडच्या बाजारात दोरीवर होडीचे कुर्ते टांगलेले. हळदीला निघालेल्या पोरीही तेच घालून. अमिषाचं तोंड उतरलं. खरा कुणाकडे आहे ते दाखवायला तिने मला बॅगेतून काढून अंगात घातलं. आगरदांड्याच्या जेट्टीवर खिळ्याला बाही अडकली आणि उसवली.

परतताना रस्त्याकडेच्या एका घरात शिलाई मशीन दिसलं म्हणून ती थांबली, ओढणी गुंडाळून मला काढून दिलं. हात लागताच मी ओळखलं.

"आई, ह्या तुझ्या होड्या!" साक्षी ओरडली. पाच वर्षांची झालीये, धडधाकट.

"नाही गं," अमिषा म्हणाली, "बाजारातल्या नकली. हा खरा. पन्नासच आहेत."

जयमालाने मान वर केली. आता सांगेल, मला वाटलं. तिचे ओठ हललेसुद्धा.

"व्हय ताई," ती म्हणाली, "पन्नासच."

"आणि कॉलरमधली ती गाठ कापून टाका. टोचते."

जयमालाने कात्री उचलली. साक्षीकडे बघितलं, कात्री ठेवली. पाठ फिरवून साक्षीच्या जुन्या झबल्याचा मऊ तुकडा गाठीवर शिवला. मग बाही तपासायची म्हणून तिने आत हात घातला. बोटं पार मनगटापर्यंत आली. तिथं ती जरा थांबली.

"झालं का? बोट चुकेल आमची."

तिने हात काढून घेतला.

आता मी पुन्हा कपाटात आहे. अमिषाताई, गाठ आता टोचणार नाही, पण कधी बोटाला लागली तर कापू नका. आणि पुन्हा तिकडे गेलात तर मला बरोबर न्या. माझी एक बाही जयमालाने घालून बघितली आहे. दुसरी तिची वाट बघतेय.