मौनाची शिक्षा

ब्रदर फ्लोरिबेरने फरशीवर गुडघे टेकले, कपाळ टेकवलं आणि सगळ्या साधूंसमोर म्हणाला, "फादर, मौनाच्या वेळी मी परक्या माणसाशी बोललो. माफी असावी."

मठाधिपती एव्रार यांनी त्याच्या टेकलेल्या डोक्याकडे पाहिलं. बोलला होता कुणाशी, तर जर्मन अधिकाऱ्याशी. काय बोलला होता, तर चांभाराचा थोरला पोरगा मठाच्या गोठ्यात गवताखाली लपलाय. जर्मनांच्या कारखान्यात वेठीला जायला नको म्हणून लपलेलं पोर. काल त्याला गोठ्याच्याच भिंतीशी उभं करून गोळी घातली. भिंत अजून कुणी धुतली नव्हती, आणि याला टोचणी कसली, तर मौन मोडल्याची!

"आणखी काही?"

"दुधाची किटली सांडली, फादर."

त्याच्या आधी एकाने प्रार्थनेत डुलकी लागल्याचं सांगितलं होतं, दुसऱ्याने लोणी जास्त खाल्ल्याचं. एव्रारना त्या सगळ्या खाली घातलेल्या मानांची किळस आली. सभा उठल्यावर त्यांनी फ्लोरिबेरला थांबवून घेतलं.

"नाही म्हणाला असतास तर जीभ झडली असती का रे?"

"खोटं बोलणं पाप आहे, फादर. तुम्हीच शिकवलंत."

"आणि पोरगा मेला, ते?"

"ते पाप त्यांचं."

चेहरा धुतल्या तांदळासारखा. एव्रारना त्याच्या थोबाडीत ठेवून द्यावीशी वाटली. पण चांभाराचा धाकटा पोरगा अजून चीजच्या तळघरात लपलेला होता, आणि तळघर फ्लोरिबेरच्याच ताब्यात. अधिकाऱ्याने पुन्हा विचारलं, तर हा सत्यवादी त्यालाही देऊन मोकळा होणार. खोटं बोल म्हणून हुकूम केला असता, तर तो पाळलाच नसता.

"मौन मोडलंस ना? मग शिक्षा ऐक. लढाई संपेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. माझ्याशी नाही, पोपशीसुद्धा नाही."

फ्लोरिबेरने समाधानाने मान डोलावली. एव्रारही आपल्या युक्तीवर खूश झाले.

आठवडा उलटायच्या आत अधिकारी परतला. अंगणात त्याने आधी फ्लोरिबेरलाच गाठलं. "या, आमचे दोस्त! चांभाराचा दुसरा कुठाय?"

फ्लोरिबेर गप्प.

"का हो, आज दातखीळ बसली?"

मग बंदुकीचा दस्ता तोंडावर बसला. एकदा, पुन्हा एकदा. फ्लोरिबेर खाली कोसळला, दात थुंकला आणि एव्रारकडे बघत राहिला. मठाधिपतींनी नुसतं 'बोल' म्हटलं असतं, तरी तो सुटला असता. ते म्हणाले नाहीत. तळघरातल्या पोरासाठीच म्हणाले नाहीत; पण आत कुठेतरी 'बरी खोड मोडली' असंही वाटून गेलं, आणि त्यांना स्वतःची शिसारी आली.

अधिकारी त्यांच्याकडे वळला. "फादर, मीही कॅथलिक आहे. देवाची शपथ घेऊन सांगा, मी निघून जातो."

"देवाशपथ सांगतो, दुसरा इथे कधी आलाच नाही."

अधिकाऱ्याने टोपीला हात लावला आणि माणसं घेऊन निघून गेला.

एव्रार फ्लोरिबेरजवळ वाकले. त्याच्या तोंडाचं रक्त पुसायला त्यांनी रुमाल पुढे केला. फ्लोरिबेरने तो हात झिडकारला आणि सरपटत मागे सरला. अक्षरही न बोलता, घाणीत हात पडावा तशा नजरेने त्याने आपल्या मठाधिपतीकडे पाहिलं, आणि स्वतःच्याच बाहीने तोंड पुसलं.