वर बघायचं काम

फुलाबाईने पेटत्या चुलीत तांब्याभर पाणी ओतले.

तव्यावरची भाकरी एका अंगाने कच्ची होती. चूल फसफसली, राख उडाली आणि मागोमाग असा धूर उठला की पाणी ओतण्याआधीचा धूर काहीच नव्हता. तो छपराला जाऊन अडला आणि आतल्या खोलीच्या दाराकडे वळला. आत पाच वर्षांची सारजा बसली होती. तिच्या दोन्ही पापण्या लहान वांग्यांसारख्या सुजल्या होत्या. बारामतीच्या दवाखान्यातून तिला आणून एकच दिवस झाला होता.

सासू, रंगूबाई, पिठाचे हात तसेच धरून बसून राहिली.

"झालं? गेला का धूर?"

फुलाबाई आत गेली. सारजाला उचलून ती अंगणाकडे धावली. अंगणात चैत्राचा वारा होता. समोरच्या नांगरटीतली माती उचलून तो सरळ घराकडे येत होता. उंबऱ्यावर फुलाबाई थांबली. पाठीमागे धूर, पुढे धूळ. तिने पदर सारजाच्या तोंडावर टाकला आणि तिथेच उभी राहिली.

*४. धूर व धूळ लागू देऊ नये.*

कागदावर अशी सात कलमे होती. कंपाउंडरने ती निळ्या शाईत लिहून दिली होती. वरकुटे गावातल्या त्या घरात ती कोणाला वाचता येत नव्हती. सारजाचा बाप महिपती दोन इयत्ता शिकला होता, पण त्याला छापील अक्षर लागे आणि कंपाउंडरचे अक्षर पळत होते. म्हणून फुलाबाईने दवाखान्यातच कंपाउंडरकडून कागद तीनदा वाचून घेतला होता. एकेका कलमाला तिने एकेक बोट धरले. उजव्या हाताची पाच, डाव्याची दोन. चौथे कलम उजव्या हाताच्या चौथ्या बोटावर होते आणि ते पहिल्याच सकाळी मोडले.

*१. मुलीचे हात डोळ्यांना लागू देऊ नयेत.*

दवाखान्याने कोपर वाकू नये म्हणून हातांभोवती पुठ्ठे बांधून दिले होते. सारजाने ते भिजवले, मग चावले. तिचा आजा आबाजी एके काळी मेंढरे राखायचा. त्याने पुठ्ठे हातात घेऊन पाहिले आणि उकिरड्यावर टाकले. कडब्याची जून ताटे निवडून त्याने वीतवीत कापली, जुन्या घोंगडीच्या तुकड्यावर शेजारी शेजारी मांडली आणि दाभणाने शिवून टाकली. मग तो सारजासमोर जमिनीवर मांडी घालून बसला.

"मेंढराचा पाय मोडला की असंच बांधत्यात. मेंढरू रडतं का?"

"मी मेंढरू न्हाय," सारजा म्हणाली.

"न्हाय तर न्हाय. हात आण."

दोन्ही हात ताठ झाले. ती बुजगावण्यासारखी घरभर हिंडली. तिला घास भरवावा लागे, पाणी पाजावे लागे. नाक खाजले की ती दोन्ही हात पसरून किंचाळे आणि जो जवळ असेल तो तिच्यापुढे बसून नाक खाजवून देई. तिसऱ्या दिवशी फुलाबाई विहिरीवरून आली, तर पोरगी दाराच्या खांबाला डोळा घासत होती. वासरू घासते तशी, सावकाश, सुखाने.

*२. मुलीस रडू देऊ नये.*

सकाळी रडली. हात बांधताना रडली, सोडताना रडली. भाकरी गार म्हणून रडली, गरम म्हणून रडली. मांडी दुखते म्हणून रडली. रडू नको म्हटल्यावर रडली.

फुलाबाई गोठ्यामागे जाऊन एकदा रडली. त्याला कलम नव्हते.

*६. मांडीची जखम कोरडी ठेवावी.*

हे रंगूबाईला पटत नव्हते. डोळ्याचे काम होते, मग मांडी कशाला कापली? फुलाबाईने डॉक्टरांनी सांगितले तसे सांगितले. जन्मापासून सारजाच्या पापण्या अर्ध्यावर उतरलेल्या. त्या उचलायची शिरच तिच्यात दुबळी. म्हणून मांडीतून पांढरी चिवट पट्टी काढली, तिचे दोरे केले आणि पापणी आतून भुवईला बांधली. भुवई उचलली की पापणी उचलेल.

"शिंक्यावाणी," महिपती म्हणाला.

रंगूबाईने एवढेच विचारले की देवाने जड दिलेली पापणी शिंक्याला टांगायची कोणाला हौस होती.

हौस फुलाबाईला होती. सारजाला समोरचे बघायचे झाले की हनुवटी आभाळाकडे करावी लागे, म्हणजे पापणीखालच्या फटीतून दिसे. गल्लीतली पोरे तिला कोंबडी म्हणत. पाण्याचा घोट घेतल्यावर कोंबडी मान वर करते तशी करून दाखवत. ज्येष्ठ सरल्यावर तिला शाळेत बसवायचे होते. पुण्याचा डॉक्टर दर गुरुवारी बारामतीला येतो असे फुलाबाईने इंदापूरच्या बाजारात मिरच्या विकताना ऐकले आणि त्या दिवसापासून घरात दुसरे बोलणे केले नाही. आता घरातल्या प्रत्येक गैरसोयीवर तिचेच नाव होते.

*३. डोळ्यांत औषधाखेरीज काहीही घालू नये.*

शेजारची गोजरबाई काजळाची डबी घेऊन आली. फुलाबाईने ती डबी परत दिली. गोजरबाई पुन्हा आली नाही.

*५. झोपेत डोळे उघडे राहतील. मलम घालून वर पट्टी ठेवावी.*

बाकीची बोटे फुलाबाई दिवसातून एकदा चाचपी. हे पाचवे, करंगळीचे बोट मात्र ती सारखे दाबून धरी. डॉक्टरांनी हे कलम स्वतः समजावले होते. आता पापणी पूर्ण मिटणार नाही. झोपेत बुबुळ वाळले तर त्यावर फूल पडेल, आणि पडलेले फूल काढायला आपल्याकडे काही नाही, असे ते म्हणाले होते. रोज सकाळी ती सारजाला दाराच्या उजेडात न्यायची, तिच्यापुढे उकिडवी बसायची आणि दोन्ही बुबुळांवर पांढरे काही आहे का ते बघायची.

एका दुपारी ती मिरचीला पाणी धरायला गेली होती. परत आली तेव्हा सारजा आतल्या खोलीत झोपली होती. पट्टी सरकून कानावर आली होती. डोळे अर्धे उघडे, आतले नुसते पांढरे दिसत होते. रंगूबाई शेजारी बसली होती. तिने सारजाच्या कपाळावर तळहात ठेवला आणि तो हलकेच डोळ्यांवरून खाली ओढला. पापण्या हलल्या नाहीत. तिने पुन्हा ओढला.

फुलाबाईने तिचे मनगट धरले.

"आत्याबाई, ती जित्ती हाय."

रंगूबाईने हात सोडवून घेतला. बराच वेळ ती तो हात मांडीवर उताणा ठेवून बसली.

"मला दिसत न्हाय व्हय?" ती म्हणाली. "हात आपसूक गेला."

त्या दिवसापासून पट्टी सरकली की ती नीट कोण करते हे कोणी विचारले नाही. एवढेच की फुलाबाई शेतातून आली की पट्टी जागेवर असे.

*७. दीड महिन्याने गुरुवारी आणून दाखवावे.*

इंदापूरपर्यंत बैलगाडी, पुढे एसटी. सारजाचे हात आता मोकळे होते. सूज उतरली होती. खिडकीशी बसून तिने हनुवटी वर केली आणि बारामतीपर्यंत तशीच ठेवली. फुलाबाई ती हनुवटी बघत राहिली.

डॉक्टरांनी बॅटरी लावून दोन्ही बुबुळे पाहिली. फूल नाही. टाक्यांच्या जागा चांगल्या. मांडी भरली. काम छान झाले आहे, ते म्हणाले.

"मग ती अजून कोंबडीवाणी का बघती?"

हे जरा मोठ्याने आले. बाहेरच्या बाकावरची माणसे आत बघू लागली. डॉक्टरांनी दोन बोटांनी सारजाची हनुवटी खाली आणली. डोळे उघडेच राहिले, समोर बघत. त्यांनी बोटे काढली. हनुवटी वर गेली.

सवय आहे, ते म्हणाले. जाईल. आणि त्यांनी पुढच्याला बोलावले.

ओसरीवर कंपाउंडर टेबलाशी लिहीत होता. त्याच्या मागे चोपन्न सालचे कॅलेंडर लटकत होते. फुलाबाई सारजापुढे बसली आणि तिचे परकर-पोलके सारखे करू लागली. दीड महिना, दोन्ही हातांची सात बोटे. सवय आहे. महिपती नळावरून तांब्या भरून आला. तोही सारजापुढे उकिडवा बसला आणि तांब्या तिच्या तोंडाला लावला. कंपाउंडरने लिहिता लिहिता टाक थांबवला.

"बाई, उभं राहिलं की तुमचे गुडघे दुखतात का?"

"न्हाय."

"यांचे?"

"न्हाय जी," महिपती म्हणाला.

"मग तिच्याशी बोलायला दोघंही खाली का बसता?"

फुलाबाईने महिपतीकडे पाहिले. दोघांचे डोळे एका उंचीवर होते, सारजाच्या डोळ्यांच्या.

"घरीही असंच?"

"आबाबी बसत्यात. म्हातारीबी," महिपती म्हणाला. "तिला मान लई वर करावी लागती, म्हणून..."

"लागत होती." कंपाउंडरने टाक दौतीत बुडवला. "डोळा उघडलाय आता. पण तो उघडून वर बघायचं काम तिला कोणी देतच नाही. तुम्ही बसणार, मग ती जुन्याच फटीतून बघणार. भुवई उचलायची तिला गरजच काय? उभं राहून बोला. जवळ उभ्या माणसाचं तोंड नुसती मान वर करून दिसत नाही, भुवई उचलावीच लागते."

"ह्ये कागदावर का न्हवतं?"

"कागद लिहिताना मला काय माहीत, तुमच्या घरात सगळे बसतात ते."

फुलाबाई उठली. उठताना सारजाला काहीतरी सांगायचे म्हणून ती वळली आणि तिचे गुडघे पुन्हा वाकले. तिने ते सरळ केले.

*(कलम नाही.)*

उभे राहणे अवघड होते. आबाजी शेतातून आला की काठी ठेवायचा आणि नातीपुढे बसायचा. फुलाबाई म्हणायची, आबा, उठा. तो ओशाळून उठायचा आणि मग त्याला काय बोलायचे होते तेच आठवायचे नाही. महिपती वर उभा राहून बोलायचा, पण कंबरेत वाकून. फुलाबाईच्या स्वतःच्या गुडघ्यांत तर पाच वर्षे मुरलेली. सारजाने आये म्हटले की ते आपसूक मोडत.

सारजा लुगड्याला धरून ओढायची. खाली बस. फुलाबाई बसायची नाही. मग ती आईच्या गुडघ्यांशी बोलू लागली. मग आबाजीच्या धोतराशी. मग दोन दिवस ती कोणाशीच बोलली नाही, गोठ्यात जाऊन वासरापुढे बसली.

"लेकरासंगं ताठून बोलायचं," रंगूबाई म्हणाली. "आदी डोळं कापलं, मग मांडी कापली. आता ह्ये."

ह्याचे कलम फुलाबाईच्या कोणत्याच बोटावर नव्हते. त्या दुपारी ती गोठ्यात गेली, सारजाच्या पाठीशी उभी राहिली आणि बसायचे तिच्या अगदी मनात आले. वासराने मान वर करून तिच्याकडे पाहिले. सारजाने पाहिले नाही. फुलाबाई परत आली.

आठवड्याने, सकाळी, ती घरात उभी राहून शिंक्याची तुटलेली दोरी बांधत होती. चूल आता बाहेर पडवीत मांडलेली होती. तिथे रंगूबाई भाकरी थापत होती. सारजा आली आणि जवळ थांबली.

"आये."

"काय?"

"खाली बस."

"न्हाय. सांग."

फुलाबाईने खाली पाहिले नाही. खाली पाहिले की गुडघे मोडतात हे आता तिला ठाऊक होते. ती वर दोरीकडे बघत राहिली, गाठ मारत, सोडत, पुन्हा मारत. खालून काही आवाज नव्हता. पोरगी गेली असेल असे तिला वाटले.

"आये, तुज्या हनुवटीखाली तीळ हाय."

गाठ अर्धी राहिली.

"कुठं?"

"हितं. खाली. काळा."

फुलाबाईने हनुवटीखाली बोट फिरवले. बोटाला काही लागले नाही. आरशात कुंकू लावताना ती जागा कधी दिसली नव्हती, कोणी कधी सांगितलीही नव्हती. तिने खाली पाहिले. सारजाची मान सरळ होती. भुवया पार वर गेल्या होत्या, कपाळावर आबाजीसारख्या आठ्या पडल्या होत्या आणि त्यांच्याखाली दोन डोळे होते, उघडे.

गुडघे मोडू नयेत म्हणून फुलाबाईने शिंक्याची दोरी घट्ट धरली.

"आत्याबाई, माज्या हनुवटीखाली तीळ हाय का वो?"

"काय हाय?"

"तीळ. ही म्हणती."

रंगूबाईने तव्यावरची भाकरी काढून ठेवली. गुडघ्यावर हात रोवून ती उठली. आत येऊन तिने पिठाच्या हातानेच सुनेची हनुवटी धरली, दाराच्या उजेडाकडे वळवली आणि डोळे बारीक करून बघत राहिली. तिला बराच वेळ लागला.

"व्हय," ती म्हणाली. "हाय की. बारका हाय."

हनुवटी सोडून ती सारजाकडे वळली. सवयीने एक हात गुडघ्याकडे गेला, तिथून परत आला. ती उभीच राहिली.

"आन माज्या गं?" असे म्हणून तिने आपली हनुवटी वर केली.